ओमाच्या काउंटरवर

शनिवारी सकाळी बाजाराला निघायचं म्हणजे क्लेमझिगच्या थांब्यावरून ओ-बान पकडायची. ॲडलेडला नवीन आलेल्या पाहुण्याला मी हटकून या बसने नेते. शहराच्या ईशान्येला बारा किलोमीटर ही बस साध्या रस्त्यावरून जातच नाही. तिच्यासाठी काँक्रीटची खास वाट आहे. पुढच्या चाकांपाशी लहान आडवी चाकं बसवलेली असतात, ती वाटेच्या कडेला घासत जातात आणि बस आपोआप वळते. माझे सासरे पहिल्यांदा बसले तेव्हा बाहेरची नदी, झाडं काही न बघता सगळा वेळ ड्रायव्हरच्या हातांवर डोळा ठेवून होते. तंत्र जर्मन, इथे १९८६ पासूनचं. ‘बान’ म्हणजे वाट. थांब्याचं नावही जर्मन. आतली माणसं मात्र पंजाबी, नेपाळी, चिनी आणि आम्ही तिघं. त्यात मी कोल्हापूरची, नवरा मिरजेचा आणि नऊ वर्षांची लेक इथलीच.

सेंट्रल मार्केट व्हिक्टोरिया स्क्वेअरच्या पलीकडे आहे. १८६९ च्या जानेवारीत काही माळ्यांनी पहाटेच्या अंधारात भाजीच्या गाड्या इथे आणून लावल्या आणि बाजार सुरू झाला. आता छताखाली सत्तरच्या वर दुकानं आहेत. रविवारी आणि सोमवारी बंद, शनिवारी दुपारी तीनपर्यंतच. अडीचनंतर भाजीवाले घसा फोडून उरलेले ढीग विकतात. तो आवाज ऐकला की मी क्षणभर कपिलतीर्थ मंडईत असते. बाकी वासाच्या बाबतीत दोन्हीकडे काही म्हणजे काही साम्य नाही. इथे कॉफी, चीज, पाव, मासळी, आणि एका ठरावीक कोपऱ्यावर वळलं की धुराचा वास. चुलीचा धूर वेगळा. हा थंड धूर, मांसात मुरलेला, गोडसर.

त्या कोपऱ्यावर आमचं जर्मन दुकान आहे. ‘आमचं’ म्हणायला तेरा वर्षं लागली.

दुकान म्हणजे काचेचं एक लांबलचक काउंटर. वर दांडीला सॉसेज टांगलेली असतात. काही सरळसोट, काही दोन्ही टोकं सुतळीने एकत्र बांधून घोड्याच्या नालासारखी केलेली. काचेआड हॅम, डुकराच्या पाठीच्या मांसाचं धुरी दिलेलं लाखशिंकेन, कलेजीचं लिव्हरवुर्स्ट, सावरक्राउटचा म्हणजे आंबवलेल्या कोबीचा टब, आणि काउंटरच्या टोकाला काकडीच्या बरण्या. चिठ्ठी काढायची, नंबर येईपर्यंत थांबायचं. साठीच्या बाई माल देतात, त्यांचा मुलगा स्लायसरवर असतो आणि मागे उंच स्टुलावर बाईंची आई बसते. तिला सगळा बाजार ओमा म्हणतो. ओमा म्हणजे आजी. ती काही विकत नाही. येणाऱ्याजाणाऱ्या पोरांवर लक्ष ठेवते आणि पोर दिसलं की मुलाला नुसती हनुवटीने खूण करते. मग तो मऊ, फिक्या गुलाबी सॉसेजची एक पातळ चकती कापतो आणि कागदावर ठेवून पोराच्या हातात देतो.

ही चकती म्हणजे फ्रिट्झ. साउथ ऑस्ट्रेलियात खाटकाच्या दुकानात लहान मुलाला फ्रिट्झचा फुकट काप मिळणं हा जवळजवळ जन्मसिद्ध हक्क समजला जातो. आपल्याकडे किराणावाला हातावर गुळाचा खडा ठेवायचा, त्यातलाच प्रकार. मेंढीच्या आतड्याच्या एका जाड पिशवीत भरतात म्हणून त्याला बंग फ्रिट्झ असंही म्हणतात. बाहेरून केशरी साल, आत वर्णन करावं असं काही नाही. पावात घालून वर टोमॅटो सॉस ओतायचा, झाला शाळेचा डबा. खरं सांगायचं तर मला ते अजिबात आवडत नाही. माझी लेक मात्र त्यासाठी जीव टाकते. घरी वरणभाताला नाक मुरडणारी ही पोरगी ओमाच्या खुणेची वाट बघत काउंटरपाशी इतकी शहाण्यासारखी उभी राहते, की बघणाऱ्याला वाटावं, केवढे संस्कार.

गंमत अशी की हेच सॉसेज राज्याची सीमा ओलांडली की नाव बदलतं. सिडनीकडे ते डेव्हन, पर्थला पोलोनी, टास्मानियात चक्क बेल्जियम. पूर्वी अनेक ठिकाणी त्याला सरळ जर्मन सॉसेज म्हणत. पहिलं महायुद्ध आलं, जर्मन हा शब्द तोंडात घेणं नको झालं, आणि खाटकांनी पाट्या रंगवून घेतल्या. माल तोच. फ्रिट्झ हे तर जर्मन सैनिकाला हिणवायचं नाव, आणि ते नेमकं आमच्या राज्यात टिकलं. का टिकलं हे मी दुकानातल्या बाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, ‘लहान मुलांच्या तोंडातलं नाव कोण बदलणार?’ हा काही इतिहास नव्हे, पण मला पटलं.

सॉसेजला माफी मिळाली, गावांना मिळाली नाही. त्यासाठी थोडं मागे जायला हवं. प्रशियाच्या राजाने, तिसऱ्या फ्रीड्रिश विल्हेल्मने, राज्यातली प्रोटेस्टंट चर्च एकत्र करून सगळ्यांना एकच उपासनापद्धती लावायचं ठरवलं. जुन्या वळणाच्या ल्यूथरन लोकांना ते मानवलं नाही. आमची प्रार्थना आम्ही आमच्या शब्दांत करणार, एवढ्यावरून ऑगस्ट काव्हेल नावाचा पाद्री आपली माणसं घेऊन १८३८ च्या नोव्हेंबरात इथे उतरला. त्यांनी नदीकाठी पहिली वस्ती केली आणि तिला आपल्या मागे राहिलेल्या गावाचं नाव दिलं, क्लेमझिग. म्हणजे माझ्या बसथांब्याचं. त्यानंतर हानडॉर्फ, लोबेथाल, मग बारोसाचं खोरं, द्राक्षांचे मळे, चर्चचे मनोरे.

१९१७ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने कायदा केला आणि ६९ जर्मन गावनावं पुसायची ठरली. त्याच वर्षी ४९ ल्यूथरन शाळा बंद केल्या. हानडॉर्फचं ॲम्बलसाइड झालं, क्लेमझिगचं गाझा, कारण तिकडे पॅलेस्टाइनमध्ये गाझाच्या लढाया चालू होत्या. १९३५ मध्ये क्लेमझिगला आपलं नाव परत मिळालं, पण आमच्या घराजवळच्या फुटबॉल क्लबचं नाव अजून गाझाच आहे. आणि तिकडे डोंगरात ब्लुमबर्ग नावाचं गाव होतं, फुलांचा डोंगर. त्याचं बर्डवुड झालं आणि ते तसंच राहिलं. बर्डवुड म्हणजे पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीत अँझॅक, म्हणजे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या, सैन्याचं नेतृत्व करणारा जनरल. या माणसाचा जन्म १८६५ चा, आपल्या पुण्याच्या खडकीचा! हे कळलं त्या दिवशी मी नवऱ्याला ऑफिसात फोन केला होता. तो मीटिंगमध्ये होता. म्हणाला, ‘घरी आल्यावर बोलू, कुणाला काही झालंय का?’

मूळ क्लेमझिग, ज्याच्या आठवणीत हे नाव ठेवलं, ते गाव आज पोलंडमध्ये आहे आणि त्याचं नाव आहे क्लेम्प्स्क. म्हणजे क्लेमझिग आता फक्त ॲडलेडमध्ये उरलंय. आमच्या बसच्या पाटीवर.

पण मी सांगत होते दुकानाचं.

पहिल्या हिवाळ्यात मी तिथून मेटवुर्स्ट आणलं. घोड्याच्या नालातलं एक. कोल्हापूरच्या मुलीला मांस म्हणजे सकाळी कापलेलं, अकरापर्यंत घरात आलेलं आणि एकपर्यंत रश्शात पडलेलं. गोव्याचं चोरीस मी एकदा मैत्रिणीकडे खाल्लं होतं, तिने ते कांद्याबरोबर परतलं होतं. तेवढ्या भांडवलावर मी मेटवुर्स्टचे तुकडे केले, घरून आणलेली कांदालसूण चटणी घातली आणि तांबडा रस्सा केला. वर चार बोटं तेल सुटलं. मीठ इतकं, की तीन बटाटे घालूनही उतरेना. तुकडे चामड्यासारखे झाले. पुढच्या शनिवारी मी बाईंकडे तक्रार केली, की तुमचं सॉसेज शिजत नाही.

बाईंनी आधी ऐकून घेतलं. मग मागे वळून ओमाला सांगितलं. ओमा स्टुलावरून उतरली, ती उतरताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. काउंटरवरून हात लांब करून तिने माझं मनगट धरलं आणि खिदळत म्हणाली, ‘तू लोणचं शिजवलंस, पोरी.’

तिने अर्थातच इंग्रजीत सांगितलं, आणि ‘पिकल’ हा शब्द वापरला. पण त्या एका वाक्यात मला ते दुकान कळलं. मेटवुर्स्ट कच्चं असतं. डुकराचं मांस, कधी त्यात गोमांस, मीठ, मिरी, लसूण. ते भरून ठेवलं की आपल्या इडलीच्या पिठासारखं आंबतं. आंबटपणा वाढला की वाईट जंतूंना आत थारा मिळत नाही. त्यावर थंड धुरी द्यायची, जुन्या काळी इथल्या रेड गम लाकडाची, आणि मग टांगून वाळू द्यायचं. बारोसात हे काम थंडीतलं, म्हणजे जून ते ऑगस्ट. शेजारीपाजारी जमायचे, एका दिवसात डुक्कर कापून त्याचं सगळं करून ठेवायचे. आपलं वाळवण चैत्र-वैशाखात उन्हाच्या जिवावर, यांचं थंडीत धुराच्या जिवावर. कुरडयांवर नजर ठेवायला पोरं बसवायची, तशी ओमाला लहानपणी धुराच्या खोलीबाहेर बसवत. आग पेटता कामा नये, धूर मात्र थांबता कामा नये.

एकदा मी बाईंना सहज विचारलं, की धंदा कधी बसला होता का? मला वाटलं, मॉल आले तेव्हाचं सांगतील. त्या म्हणाल्या, ‘१९९५.’ आणि स्लायसरवरच्या मुलाकडे बघितलं. त्या वर्षी एका कंपनीच्या मेटवुर्स्टमधून ई. कोलाय हा जंतू पसरला. वीसहून जास्त मुलांची मूत्रपिंडं निकामी व्हायला आली, चार वर्षांची एक मुलगी गेली. त्यानंतर देशभरात आंबवलेल्या कच्च्या मांसाचे नियम कडक झाले, आंबटपणा मोजून नोंदी ठेवणं आलं. या दुकानाचा त्या मालाशी काही संबंध नव्हता. पण बाई म्हणाल्या, की कितीतरी महिने लोक काउंटरपाशी येत, वर टांगलेल्या माळेकडे बघत आणि हॅम घेऊन जात. ‘मीही माझ्या मुलाला दिलं नाही,’ हे त्यांनी हळू सांगितलं. ओमाला ऐकू जाऊ नये म्हणून असावं.

नवरा शाकाहारी. या दुकानात त्याचं काय काम, असं कुणालाही वाटेल. त्याचं काम काकडीच्या बरणीपाशी. बारोसाची काकडी म्हणजे मिठाच्या पाण्यात आंबवलेली, तळाशी आणि वर शेपूच्या फुलांचे तुरे. हो, शेपू! हाच तो, ज्याच्या भाजीने महाराष्ट्रातल्या निम्म्या घरांत भांडणं लावली. मिरजेच्या घरी ताटातली शेपू खिडकीतून टाकणारा हा माणूस इथे बरणी उघडून आधी वास घेतो. बरणीत वरून द्राक्षवेलीचं एक पान दाबून ठेवतात. पानातल्या तुरटपणामुळे काकडी मऊ पडत नाही, कुरकुरीत राहते. सासूबाईंना फोनवर हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘त्याला म्हणावं, इकडे ये, मी देते शेपूत बुडवून.’

ओमा बारोसात जन्मली. घरात, चर्चमध्ये ती तिकडची जर्मन बोलत मोठी झाली. बारोसा-डॉइच म्हणतात त्या बोलीला, त्यात इंग्रजी मनसोक्त मिसळलेलं. ससा कुंपणावरून उडी मारून गेला हे सांगताना ‘रॅबिट’ आणि ‘फेन्स’ इंग्रजी, आणि उडी मारली याचं ‘गेजम्प्ट’. हे ऐकून मी हसले आणि दुसऱ्याच क्षणी आठवलं, आदल्याच दिवशी मी आईला फोनवर म्हटलं होतं, ‘अगं, शॉपला गेले तर कार्ड डिक्लाइन झालं, मग कॅश विड्रॉ केली.’ ओमाचा नवरा युद्धानंतर जर्मनीतून आलेला खाटीक. त्याने तिचं बोलणं ऐकून कपाळाला हात लावला होता म्हणे. त्याला वाटलं, ही शंभर वर्षांपूर्वीच्या खेड्यातली बाई बोलतेय, मध्येच इंग्रज होऊन.

पुढच्या पिढीला, म्हणजे बाईंना, जर्मन येत नाही. हे कळायला मला फार वेळ लागला, कारण त्यांच्या तोंडात दिवसभर जर्मन असतं. मेटवुर्स्ट, लाखशिंकेन, लिव्हरवुर्स्ट, स्ट्रॉयझलकूखन. उच्चार चोख. मग एकदा जर्मनीहून आलेलं एक तरुण जोडपं माझ्यापुढे रांगेत होतं. त्यांनी पाटी वाचून भडाभडा जर्मनमध्ये बोलायला सुरुवात केली. बाईंचा चेहरा बघवेना. त्यांनी सवयीने मागे स्टुलाकडे पाहिलं. ओमा त्या दिवशी आली नव्हती.

त्या रात्री मी ओट्याशी उभी राहून लेकीची परीक्षा घेतली. तिला न सांगता, अर्थात. पोहे, वरण, थालीपीठ, सोलकढी, भाकरी, चकली, सगळं पाठ. पुरणपोळी तर ती ऑस्ट्रेलियन मैत्रिणींना समजावून सांगते. मग मी म्हटलं, ‘कांदा परत.’ तिने कांदा उचलला आणि फ्रिजमध्ये परत ठेवला. साध्या आज्ञा तिला कळतात, ये, जा, ऊठ, आवर. पण परतणं, चाळणं, निवडणं, मळणं, वाफ काढणं, उतू जाणं, यांतलं काही नाही. नामं टिकली होती. पाटीवर लिहिता येतात, बरणीवर चिकटवता येतात, पाहुण्यांना सांगता येतात. क्रियापदं कुठे चिकटवणार? ती हाताला हात लागूनच पुढे जातात, आणि मी तर तिला गॅसजवळ येऊच देत नव्हते. अभ्यास कर म्हणत होते. तो अभ्यास इंग्रजीत.

परदेशात खाद्यसंस्कृती जपली की भाषा जपली जाते, असं आमच्या मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात दरवर्षी कुणीतरी बोलतं, आणि समोर दोनशे माणसं फराळ हातात घेऊन टाळ्या वाजवतात. मीही वाजवलेल्या आहेत. आता तेवढ्या जोरात वाजवत नाही.

गेल्या मार्चमध्ये द्राक्षांचा हंगाम संपत आला होता. ओमा म्हणाली, की तुम्ही सेगो खाता ना? सेगो म्हणजे साबुदाणा. मी म्हटलं, उपासाला खातो, आणि उपास म्हणजे काय हे सांगण्यात पाच मिनिटं गेली. उपासाला एवढं पोटभर खातात हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही. मग तिने रोटे ग्रुट्सं सांगितलं. जर्मनीत हा लाल फळांचा घट्ट गोड प्रकार, पण बारोसात तो काळ्या द्राक्षांच्या रसात साबुदाणा शिजवून करतात आणि वर साय घालून गार खातात. प्रमाण विचारलं तर तिने ओंजळ दाखवली. किती वेळ शिजवायचं, तर साबुदाण्याचा पांढरा डोळा जाईपर्यंत. आणि मग तिचा उजवा हात हवेत गोल फिरायला लागला. ‘र्‍यूरन,’ ती म्हणाली. ‘र्‍यूरन, र्‍यूरन, र्‍यूरन.’ बाईंनी वजनकाट्यावरून मान वर करून विचारलं, ‘ते काय, मम?’

‘स्टर,’ ओमा म्हणाली. आणि हात फिरवत राहिली.

घरी येऊन मी द्राक्षं उकळली, गाळली, साबुदाणा घातला आणि लेकीला स्टुलावर उभं करून हातात लाकडी डाव दिला. ‘हलवत राहा,’ म्हटलं. तिने पातेलं धरून हलवलं. ते झालं, पुसलं, परत उभी केली. डाव धरलेला तिचा हात माझ्या हातात घेतला आणि गोल फिरवला. ‘हे हलवणं. थांबायचं नाही.’ ती मन लावून हलवत होती. जांभळा रस घट्ट होत होता, साबुदाणे एकेक करून काचेसारखे होत होते, आणि प्रत्येकाच्या मधोमध तो बारीक पांढरा ठिपका शिल्लक होता. मी साय काढायला फ्रिजकडे वळले तेवढ्यात तिला बाहेर पोपटांचा थवा दिसला असावा. तळाचा वास आधी मला आला.

‘अगं, लागलं!’ मी ओरडले. ‘लागलं बघ खाली!’

तिने डाव टाकला, स्टुलावरून उडी मारली, धावत आली आणि माझे दोन्ही पाय तपासत विचारलं, ‘कुठे लागलं, आई?’